सुनावणीचं पत्र

"नियम पंधरा, पोटनियम दोन," परशुराम भोईर कागदावरून नजर न उचलता वाचत होता. "करयोग्य मूल्य वाढवण्यापूर्वी प्रत्येक घराची प्रत्यक्ष पाहणी करणे…"

वसाहतीच्या पटांगणात सव्वाशे माणसं बसली होती आणि त्यातली निम्मी डास मारत होती. रिक्षावाला काळुराम मागून ओरडला, "परशुरामभाऊ, साध्या भाषेत सांगा ना! वाढीव पट्टी भरायची का नाय भरायची?"

परशुरामची अजून तीन पानं बाकी होती. तो चष्मा सावरत होता, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "मी सांगू?"

त्याची बायको चंद्रभागा उभी राहिली होती. मासळीबाजारातून ती परस्पर तिथे आली होती.

"आपल्या नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी," ती म्हणाली. "आन् पालिका चौकात कारंजं बांधते. त्याच्यापायी आपली घरपट्टी दुप्पट. अरे, कारंज्याचं पाणी वर उडालं तरी खाली येतं. पट्टी एकदा वर गेली का खाली येत नाय. म्हनून आताच अडवायची!"

आधी हशा पिकला, मग टाळ्या. परशुरामने कागद जुळवले. आपल्याला टाळ्या नकोच होत्या, असं त्याने स्वतःला बजावलं. पण त्या किती वेळ वाजल्या, हे त्याच्या लक्षात राहिलं.

शहाडच्या एका कारखान्यात तो टाइमकीपर होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत होता. उशीर झालेला कामगार सोडला तर त्याच्याशी कुणी दोन शब्द जास्त बोलत नसे. एकोणनव्वदच्या जानेवारीत घरपट्टीवाढीच्या नोटिसा आल्या, आणि पहिल्यांदाच माणसं त्याच्या दारात येऊ लागली. नियमांचं पुस्तक त्याने मिळवलं होतं. पालिकेत खेटे घालून ठरावाची नक्कल त्याने हाताने उतरवून आणली होती. एकशे ऐंशी घरांच्या एकशे ऐंशी हरकती त्याच्या अक्षरात लिहिल्या गेल्या. "परशुरामभाऊ, एवढं बघता का?" असं कुणी म्हटलं की तो जेवणाच्या ताटावरूनही उठायचा.

त्या सभेनंतर माणसं दारात येतच होती, पण आता विचारत होती, "वहिनी आहेत का?"

चंद्रभागा प्रत्येक इमारतीत बोलली. पलीकडच्या दोन वसाहतींतूनही तिला बोलावणं आलं. पालिकेवर मोर्चा गेला तेव्हा सगळ्यात पुढे ती होती. तिथल्या साप्ताहिकात फोटो छापून आला. त्यात चंद्रभागा हात उंचावून उभी, आणि तिच्या शेजारी परशुरामचं फक्त कोपर. कारखान्यात कुणीतरी तो अंक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "भोईर, ही तुमच्यातली कोण?"

"घरातलीच," तो म्हणाला, आणि अंक ड्रॉवरमध्ये सारला.

घरी मात्र ती पहिल्यासारखीच होती. भाकऱ्या थापताना एकदा म्हणाली, "अवो, ते नियम मना जरा समजवून सांगा. सुनावनीला सायबाने उलटं काय विचारलं तर?"

"तुला नाही कळायचं ते."

"कळंल तेवढं कळंल."

"आणि 'मना' काय म्हणतेस लोकांसमोर? 'मला' म्हणावं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. पुन्हा विचारलं नाही.

सुनावणीचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. सगळ्या हरकतींवर पत्ता परशुरामचाच होता, म्हणून पत्र एकच. परशुराम रात्रपाळी करून घरी होता, चंद्रभागा बाजारात. शुक्रवारी अकरा वाजता हरकतदारांनी प्रतिनिधींसह हजर राहावे, असं त्यात होतं. त्या दिवशी सगळी वसाहत चंद्रभागेच्या मागून पालिकेत जाणार, हे सभेत कधीच ठरलं होतं. परशुरामने पत्र दोनदा वाचलं. आरडाओरड्याने साहेब बिथरेल, त्याच्या मनात आलं. हे काम नियमाचं आहे, नियमानेच होईल. आणि मग लोकांना कळेल.

काय कळेल, ते त्याने मनातही पुरतं उच्चारलं नाही. पत्राची घडी करून खिशात ठेवली. बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी रात्री चंद्रभागेने विचारलंसुद्धा, "अजून पत्र कसं नाय आलं?" तो म्हणाला, "सरकारी काम आहे. येईल."

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो एकटाच पालिकेत गेला.

साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "फार अभ्यास केलाय तुम्ही, भोईर," ते म्हणाले, आणि परशुरामचा ऊर भरून आला. मग साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाशी दोन पोलीस स्टुलावर बसून चहा पीत होते.

"मोर्चा येणार म्हणून मी बंदोबस्त मागवला होता. बाकीचे कुठे आहेत?"

"मी सगळ्यांच्या वतीने आलोय."

"म्हणजे बाकीच्यांचा काही आग्रह दिसत नाही." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हरकतदारांचे म्हणणे ऐकले. वाढ कायम." त्यांनी सही करून कागद त्याच्यापुढे सरकवला. "आता कोर्टाचा रस्ता मोकळा आहे तुम्हाला."

एवढंच. बारा मिनिटं लागली होती. वेळा नोंदवायची सवय असल्यामुळे ते त्याला कळलं.

तो परतला तेव्हा पालिकेतल्या कुणाकडून तरी बातमी त्याच्याआधी पोचली होती. पटांगणात माणसं जमली होती. काळुराम तावातावाने पुढे आला. "एकटेच गेलेलात तुम्ही? कुणाला विचारून?"

चंद्रभागा गर्दीतून वाट काढत जवळ आली. हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं तिने विचारलं, "पत्र कवा आलं?"

"मंगळवारी."

ती लोकांकडे वळली. "पत्र आलेलं. मना ठावं होतं. गर्दी नको, तुमीच एकटे जा, असं मीच सांगितलं यांना."

"वहिनी, तुम्ही?" काळुराम म्हणाला. "आम्ही तुमच्या भरवशावर होतो ना!"

"चुकलं माझं."

कुणीतरी मागून म्हणालं, "पालिकेने गप्प केलं असेल हिला." ते तिने ऐकलं. मान खाली घातली नाही. हळूहळू पटांगण रिकामं झालं.

घरात दिवा न लावता दोघं बसली होती. ती म्हणाली, "तुमी मना नुसतं सांगायचं होतं, 'तू बोलू नको'. मी गप बसले असते."

परशुराम म्हणाला, "उद्या मी सगळ्यांना खरं सांगतो."

"नको. वाढ तर झाली. आता निदान घरातल्या मानसाचा मान तरी राहू दे."

सकाळी ती बाजारात गेली नाही. प्रत्येक इमारतीचा जिना चढून तिने एकेक दार वाजवलं आणि माझं चुकलं म्हणाली. कुणी दारातूनच परत पाठवलं. एकीने तर उघडलेलं दार तसंच लावून घेतलं. परशुराम तिच्यामागे चालत होता, चार पायऱ्या अंतर ठेवून. प्रत्येक दाराशी त्याला वाटे, आता बोलावं. प्रत्येक वेळी तिचं बोलणं आधीच संपलेलं असे.

शेवटचं घर आबा पाटलांचं. म्हातारे, निवृत्त मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत ये गं. बस. पाणी घे."

ती आत जाऊन बसली. दार उघडंच होतं. परशुराम जिन्यात कठड्याला धरून उभा राहिला.

"बाहेर कोण आहे?" आतून आबांनी विचारलं.

"आमचे हे," चंद्रभागा म्हणाली. "जरा मागं राहिले."

आबांनी दुसरा पेला भरल्याचा आवाज आला. परशुराम एक पायरी चढला, आणि तिथेच थांबला.