अबू फहादचा टो-बार

निगा राखणारा भेटला तर लोखंडाला मरण नाही, असं तुकाराम घाणेकर एकोणीस वर्षांपूर्वी रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका अंगणात उभा राहून म्हणाला होता. समोर त्याला व्हिसा देणारे मालक, म्हणजे कफील, अबू फहाद होते, त्यांची बसएवढी मोटरहोम होती, आणि तुकारामानं ज्या लोखंडावर हात ठेवला होता ते नक्की काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मोटरहोमच्या न्हाणीघरातला नळ दुरुस्त करायला आला होता. त्याला वाटलं, डिश अँटेनाचा स्टँड असावा.

तो टो-बार होता. थंडी पडली की रियाधची खाऊनपिऊन सुखी कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकायला जातात. अबू फहाद तंबूऐवजी अख्खं घरच चाकांवर घालून न्यायचे. पण हे घर एकदा वाळूत उभं केलं की दूध आणायलासुद्धा हलवता येत नाही, म्हणून त्याच्या मागे एक छोटी जीप बांधून न्यायची. पुढचं घर आणि मागची जीप यांना जोडणारा, इंग्रजी ए अक्षरासारखा लोखंडी सांगाडा म्हणजे टो-बार.

"किती वर्षं टिकेल, मुअल्लिम?" अबू फहादनी विचारलं होतं. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. ड्रायव्हर ताजुद्दीननं त्याचं मराठी केलं.

"सांग त्यांना, मी आहे तोवर," तुकाराम म्हणाला.

नवीन आलेला कोकणातला फिटर मालकाला दुसरं काय सांगणार? 'बघून सांगतो' म्हणणं म्हणजे काम येत नसल्याची कबुली. ताजुद्दीननं जसंच्या तसं अरबीत सांगितलं. अबू फहादनी उजवा हात छातीवर ठेवला आणि तो करार झाला. कागदावर काहीच नव्हतं, त्यामुळे तो रद्द करायचीही सोय नव्हती.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात तुकाराम बार काढून सनाय्यात, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, घेऊन जायचा. ग्राइंडर मारायचा, रेडॉक्साइडचा एक हात, वर काळ्या रंगाचे दोन, सांध्यांना ग्रीस. चौथ्या दिवशी बार असा काही दिसायचा की शेजारी अबू फहादना विचारायचे, हा कुठून मागवला.

आतली गोष्ट वेगळी होती. ज्या भोकातून मुख्य पिन जाते ते घासून घासून अंड्यासारखं लांबट झालं होतं. तुकारामानं त्यात वेल्डिंग भरून पुन्हा गोल भोक पाडलं. दोन वर्षांनी पुन्हा भरलं, मग पुन्हा. चार वर्षांपूर्वी अशी वेळ आली की भरायला कडेचं मूळ लोखंडच उरलं नाही. त्या वर्षी त्यानं नुसता रंग लावला, पिनभोवती ग्रॅफाइट घातलेलं स्वतःच्या कृतीचं ग्रीस थापलं आणि मोटरहोम फाटकाबाहेर पडताना ग्रामदेवतेचं नाव घेतलं. बार सुखरूप परत आला. भोक मोजलं, तर केसभरही वाढलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. ग्रीसची कीर्ती पसरली. सनाय्यातली अर्धी गॅरेजं ती कृती विचारून गेली आणि तुकारामानं ती कोणालाही फुकट सांगितली, एक जिन्नस गाळून.

या जानेवारीत मात्र गावाहून बायकोचा, सखूबाईचा, फोन आला.

"अहो, यंदाच्या शिमग्यात पालखी आपल्या अंगणात बसणार. तेवीस वर्षांनी मान आलाय. गुरवानं काल येऊन सांगितलं."

"येतो ना मी."

"गेल्या वर्षी घराच्या वास्तुशांतीलाही येत होतात. तो तुमचा दांडा काय म्हणतो?"

"दांडा नव्हे, टो-बार."

"तेच ते. तुम्ही नाही आलात तर पहिला खांदा नीलेश देणार. त्यानं धोतरसुद्धा आणून ठेवलंय."

नीलेश हा चुलतभाऊ. गावात राहून त्यानं आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर केली नव्हती, आणि धोतर मात्र दोन महिने आधी. तुकारामाला रात्रभर तेच धोतर दिसत राहिलं. तो एकोणसाठ वर्षांचा होता. पालखीचा मान पुन्हा फिरून येईल तेव्हा देवालाच त्याला खांदा द्यावा लागला असता.

म्हणजे आता फायनल एक्झिट घेऊन कायमचं घरी जायचं. अबू फहाद नको म्हणणारे नव्हते. पासपोर्ट तर त्यांनी कधीच परत दिलेला. पण जायची गोष्ट काढली की ते हसून एवढंच विचारायचे, "आणि बार?" मग तुकाराम खोलीवर परत यायचा.

"बारच संपला असं दाखव," शेजारच्या खाटेवरून ताजुद्दीन म्हणाला. हा दापोलीचा. एकोणीस वर्षं दोघं एका खोलीत राहत होते, आणि एकमेकांच्या घोरण्यावर दोघांचीही वेगवेगळी मतं होती. "ऑक्टोबरातला रंग खरवड, पुन्हा रंगवू नको. गंजलेला बघतील, आपणच नवा आणतील."

"बरोबर."

तुकारामानं थंडीतल्या दुसऱ्या सहलीच्या आधी बारचा सगळा रंग खरवडून काढला आणि तो तसाच अंगणात टाकला. पहिल्या दिवशी दव पडलं. दुसऱ्या दिवशी बारवर हळदीसारखी तांब धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताजुद्दीन उठला तर शेजारची खाट रिकामी. तुकाराम अंगणात उकिडवा बसून रेडॉक्साइड मारत होता.

"मला बघवेना रे," तो म्हणाला.

"काळा तरी मारू नको."

"एकच हात मारतो."

त्यानं दोन मारले.

मग त्यानं अधिकृत मार्ग धरला. अबू फहादच्या ऑफिसात कुमार नावाचा केरळचा इंजिनिअर होता. तुकारामानं त्याला हिंदीत विनंती केली की साहेब, एकदा येऊन तपासा आणि हा बार निकामी आहे असं लिहून द्या. कुमारनं बार पाहिला, त्याच्यावरून रुमाल फिरवला, रुमाल पाहिला आणि अहवाल लिहिला: स्थिती उत्तम, श्रेय उत्कृष्ट देखभालीला. शिवाय तुकारामाचं नाव बक्षिसासाठी सुचवलं.

"पण भोक तर बघा," तुकाराम म्हणाला.

"ग्रीस इतकं आहे की भोक दिसत नाही," कुमार कौतुकानं म्हणाला. "यालाच मेंटेनन्स म्हणतात."

आता एकच वाट राहिली आणि ती सर्वांत वाईट होती. खरं बोलायचं. एकोणीस वर्षं ज्या माणसानं 'मुअल्लिम' म्हणून चारचौघांत खांद्यावर हात ठेवला, त्याला सांगायचं की गेली चार वर्षं मी तुमच्या बायकापोरांच्या मागे रंगवलेली बेइमानी बांधून देत होतो. तुकारामानं दोन शुक्रवार जाऊ दिले. तिसऱ्या शुक्रवारी सखूबाईनं फोटो पाठवला. नीलेश धोतर नेसून बघत होता.

नमाजानंतर अबू फहाद अंगणात चटईवर गावा, म्हणजे अरबी कॉफी, घेत बसले होते. ताजुद्दीन जीप पुसत होता. तुकारामानं थिनरचा बोळा घेतला, त्यांच्या देखत ग्रीस पुसलं, रंग पुसला आणि भोकात पिन टाकून हलवली. डब्यात सुपारी खुळखुळावी तशी ती खुळखुळली.

"खलास, बाबा," तो म्हणाला. अरबी त्याला कामापुरतीच येत होती, पण हे वाक्य त्यानं आठवडाभर पाठ केलं होतं. "हा बार चार वर्षांपूर्वीच संपला. मी सांगितलं नाही. वर रंग लावत राहिलो. माझी चूक आहे."

ताजुद्दीनचा जीपवरचा फडका थांबला.

अबू फहादनी पेला खाली ठेवला. ते उठले, कोठाराचं कुलूप काढलं आणि ताजुद्दीनला हाक मारली. दोघांनी मिळून एक लांबलचक लाकडी खोकं ओढत बाहेर आणलं. खोक्यावर बोटभर धूळ होती. आत नवाकोरा टो-बार होता. सोबतची पावती चार वर्षांपूर्वीची.

"त्या वर्षी या भोकात पिन हलताना मी पाहिली," अबू फहाद म्हणाले. ताजुद्दीन खाली मान घालून मराठी करू लागला. "हा त्याच आठवड्यात मागवला. पण तुला कसं सांगू? तू त्या जुन्याला लेकरासारखा न्हाऊमाखू घालतोस. आणि तू शब्द दिला होतास. तुझा शब्द मी खोटा पाडू?"

"पण मग जीप?" तुकाराम म्हणाला. "चार वर्षं जीप याच बारवर गेली ना?"

आता ताजुद्दीन मराठी करीना. तो आभाळाकडे बघत होता. आभाळात काहीही नव्हतं.

"ताजू."

"गल्लीच्या टोकाच्या पेट्रोल पंपापर्यंत जायची," ताजुद्दीन म्हणाला. "तिथं बार काढून आत ठेवायचो. पुढं मोटरहोम शेठ चालवायचे, मी जीप मागून चालवत न्यायचो. येताना परत पंपावर जोडायचो. तू फाटक उघडायला उभा असायचास ना."

तुकारामानं मनात हिशेब केला. चार वर्षं, अल मलाझची एक गल्ली, तीही दुसऱ्या गिअरमध्ये. भोक केसभरही का वाढलं नाही हे त्याला आता उमगलं, आणि सनाय्यातल्या ज्या ज्या गॅरेजांना त्यानं ग्रीसची कृती सांगितली होती त्यांच्या पाट्या एकेक करून डोळ्यांपुढून गेल्या.

"चार वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत झोपतोस तू," तो म्हणाला. "मला म्हणालास, रंगवू नको, गंजलेला दाखव."

"मग काय करू? म्हटलं, बार तूच संपव, म्हणजे मला सांगायला नको. शेठनी कुराणाची शपथ घातली होती. म्हणाले, मुअल्लिमचं मन दुखेल." ताजुद्दीननं फडका पिळला. "आणि वाळवंटात चार दिवस बकऱ्याचं जेवण असायचं. ते खोटं कशाला बोलू."

अबू फहाद तुकारामाजवळ आले. "तू जायचं म्हणालास की मी बार विचारायचो. वाटायचं, तुला त्याला सोडून जाववत नाहीये, मी निमित्त करून देतो."

"मला जायचंय, बाबा," तुकाराम म्हणाला. "शिमग्याला. देव घरी येणार आहे."

हे ताजुद्दीननं अरबीत कसं केलं कोण जाणे, पण अबू फहादचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच कुमारला फोन लावला आणि एक्झिटचे कागद, पुढच्या गुरुवारचं तिकीट, कुटुंबासाठी खजुराच्या पेट्या असं सगळं सांगून टाकलं. मग तुकारामाला मिठी मारली. म्हणाले, "तू म्हणाला होतास, मी आहे तोवर टिकेल. टिकला. तुझ्यासारखा शब्दाचा माणूस मी पाहिला नाही. आजपासून तू मोकळा."

एकोणीस वर्षं संपली होती. नीलेशचं धोतर आता घडी होऊन पेटीत जाणार होतं. तुकारामानं नजर खाली केली, तर ती नेमकी खोक्यातल्या नव्या बारवर पडली. रंग कंपनीचा होता. कोपऱ्यात ओघळ आले होते, आणि सांध्यापाशी तर आतलं लोखंड उघडं दिसत होतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

अबू फहादनी त्याच्या नजरेमागोमाग पाहिलं.

"मुअल्लिम," ते हळूच म्हणाले, "गुरुवारला अजून सहा दिवस आहेत. जायच्या आधी याला तेवढा एक हात मारून दे ना."