मधमाशीचे दोन पाय

सातवीच्या फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी दोन प्रश्न लिहून ठेवले होते. कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? बाकीचा फळा रोज पुसला जाई, तो कोपरा तेवढा राही. दुकानातून छापील प्रकल्प आणायचा आणि वर आपलं नाव टाकायचं, ही पोरांची खोड मोडायचीच, असं बाईंनी मनावर घेतलं होतं. अडचण एवढीच, की शाळेसमोरचं ते दुकान बाईंच्या नवऱ्याचं होतं.

वर्गात एका मुलीचं नावच ‘चौकशी’ पडलं होतं. तिने विषय घेतला, ‘आपले प्रकल्प येतात कुठून?’ खिडकीत मरून पडलेली मधमाशी काडीने उलटी करून तिने पाय मोजले. सहा. दुकानातल्या छापील पानावर चार. ते पान वर्षानुवर्षं खपत होतं, एकदा त्याला बक्षीसही मिळालं होतं. मग ती दुकानात गेली. गर्दीत रिबन सुटली, तरी तिने विचारलंच.

“काका, दोन पाय कुठे गेले?”

“अगं बये, पाय मोजून कुणी मार्क देतं का?”

हे सगळं तिने जसंच्या तसं लिहिलं, रिबनीसकट. वाचताना बाईंना भरून आलं. एवढ्या वर्षांत एक तरी पोर स्वतः जाऊन, बघून, विचारून आलं होतं. नवऱ्याचं हसं होणार हे दिसत होतं, तरी त्यांनी एक शब्द खोडला नाही.

“आता पक्कं लिही,” त्या म्हणाल्या, “आणि एक प्रत काढून ठेव.”

प्रत काढायला जवळपास दुसरं दुकान होतं कुठे?

आठवड्याने गठ्ठा आला. निम्म्या वर्गाचं पहिलं वाक्य एकच. डोकं तासून आलेल्या एका पोराचीही गर्दीत रिबन सुटली होती.

“अहो, हे तुम्ही विकलंत?” बाईंनी घरी विचारलं.

“मधमाशीपेक्षा जास्त खपतंय!” नवरा खुशीत होता. “पोरगी हुशार आहे हं तुझी.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी बोलावलं. चौकशी आधीच तिथे मान खाली घालून उभी होती.

“हिनेही दुकानातलंच उचललंय. सगळ्यांना शून्य द्या.”

“सर, मूळ हिचं आहे. बाकीच्यांनी विकत घेतलंय.”

“कोण म्हणतं?” सर मिश्कील हसले. “तुमचाच प्रश्न आहे, बाई. तुम्हाला कसं कळलं?”

पोरीने मान वर केली होती.

“माझा नवरा विकतो, सर. काल त्यांनीच सांगितलं.”

बाईंना वाटलं, आता छप्पर कोसळणार. सरांनी नुसता चष्मा पुसला.

“अहो, ते काय आज कळतंय होय आम्हाला? शाळेला कागद फुकट कुठून येतो, असं वाटत होतं तुम्हाला? पण हिला मार्क द्यायचे, तर का दिले ते लिहावं लागेल. ते कशाला लिहायचं? बसा, चहा घ्या.” मग ते पोरीकडे वळले. “आणि तू दुसरा विषय घे बघू. मधमाशी घे. सोपी आहे.”

बाई बसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत.

चौकशीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काही न विचारता ती वर्गात निघून गेली.