पाहुण्यांसाठी ठेवलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. तिवसाची. तिवस म्हणजे आमच्या रानातलं चिवट लाकूड, सहजासहजी मोडत नाही. मला लाडानं कोणी घडवलं नाही. घाटंजीकडच्या जंगलात कुऱ्हाडीचे घाव घालून मला झाडापासून तोडलं, साल सोलली, विस्तवावर धरून माझा बाक काढला आणि तापलेली लोखंडी शेंबी टोकावर ठोकून बसवली. तेव्हा मी चरचरले, तो करपट वास अजून माझ्या अंगात आहे. हे सगळं करणाऱ्या डोंगरसिंगनं मग मला आठवडी बाजारात नेलं आणि तिथं नानाजींनी मला उचललं.

नानाजींचं देवखांब गावात यात्री निवास होतं. सहा खोल्या, मागं विहीर, पुढं लांब ओसरी आणि ओसरीला एक दगडी पायरी. देवखांब जुनं गाव. बाहेरगावचे लोक दारव्ह्याहून मोटारीनं यायचे, एखादी रात्र राहायचे आणि तीन जागा पाहून जायचे. दाराआड माझी जागा होती. पाहुणा निघाला की नानाजी मला त्याच्या हातात द्यायचे आणि ठरलेलं बोलायचे.

"पयले देऊळ पाहा साहेब. आठच्या आत जा, तवाच ऊन आतल्या छतावर पडते. मंग बारव. तिसऱ्या पायरीच्या खाली उतरू नोका, शेवाळ हाये. मंग गढी. तिथं बिडी पेटवू नोका, आग्या मोहोळ हाये. हे काठी घेऊन जा, आन् एकच्या आत जेवाले या."

हे काम मला आवडायचं. किती तऱ्हेचे हात माझ्या मुठीवर आले! पण खरं सांगते, माझं नाव झालं ते या कामामुळे नाही. विहिरीपाशी निघालेला नाग मी एका फटक्यात मारला. पिसाळलेल्या कुत्र्याचं डोकं फोडलं. एकदा कापसाच्या गाडीतून बोंडं काढताना एक मजूर सापडला, तर नानाजींनी त्याला त्याच पायरीवर पाडून माझ्याकडून त्याचे तीन दात पाडले. लोक म्हणाले, "नानाजी, काठी मोठी वजनदार हाये तुमची." त्या दिवशी नानाजींनी मला तेल लावलं. मी फुगून गेले. तो माणूस थुंकीबरोबर दात ओंजळीत घेऊन गेला, हे मी पाहिलं होतं. तरी फुगले. ही माझी लाज आहे, ती तुमच्यापासून कशाला लपवू?

मग १९५७ सालचा माघ महिना आला. सकाळच्या मोटारीनं एक जोडपं उतरलं. माणूस तिशीच्या आतला, पांढरंशुभ्र धोतर-सदरा, खिशाला पेन. राळेगावकडच्या एका शाळेतले हे श्रावण गुरुजी. सोबत त्यांची बायको सत्यभामा, तीही पांढऱ्या लुगड्यात. पंगतीत कोणाला कुठं बसवायचं ते ठरवायला नानाजी प्रत्येकाला विचारत, तसं त्यांनी विचारलं, "जात कोन्ती जी?"

"बौद्ध," गुरुजी म्हणाले.

नानाजी चटकन उठून उभे राहिले. त्याचं कारण असं की, दोन वर्षांपूर्वी दूर देशाचे एक भिक्षू ते देऊळ पाहायला आले होते. त्यांच्याबरोबर दोन मोठे अंमलदार होते, आणि त्यांच्या पायधुळीची गोष्ट नानाजी अजून सांगत. बौद्ध म्हणजे तसले कोणी, एवढंच त्यांना ठाऊक. गेल्या दसऱ्याला नागपुरात लाखो माणसांनी दीक्षा घेतली, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण ती माणसं आपल्याच शिवारातली, आपल्या बाजारात दिसणारी आहेत आणि आता तीही जात विचारल्यावर हाच शब्द सांगतात, हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

"बुद्ध म्हंजे आमचा नववा अवतार," असं म्हणत त्यांनी पहिल्या नंबरची खोली उघडली, लीलाबाईंना म्हणजे आपल्या बायकोला पितळेची ताटं काढायला सांगितलं आणि मला गुरुजींच्या हातात दिलं. देऊळ, बारव, गढी, सगळं पुन्हा पाठ म्हणून झालं.

वाटेत सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या, "त्याहिले समजलं नाई वाटते, अहो."

"मी खोटं बोललो नाई," गुरुजी म्हणाले. "त्यानं इचारलं, मी सांगतलं. आपल्या सात पिढ्यांत कोनी पाव्हना म्हनून खोलीत राह्यलं नाई. एक दिवस राहून पाहू."

त्या दिवशी देवळात ऊन छतावर पडलं होतं. गुरुजींनी माझं टोक वर करून बायकोला दगडातली कमळं दाखवली, एकेक पाकळी मोजून. बारवेच्या तिसऱ्या पायरीवर त्यांनी आधी मला टेकवलं, मग पाय. इतक्या सावध, हलक्या हातानं मला कोणी धरलं नव्हतं.

दुपारी ओसरीवर पंगत बसली. लीलाबाई वरण वाढत होत्या. "घ्या ना गुरुजी, आनखी घ्या," असा त्यांचा आग्रह चालला होता. तेवढ्यात एकच्या मोटारीनं पुंडलिकराव आले. राळेगावकडचे मोठे शेतकरी. मुलीचं स्थळ पाहायला आले होते. पायरीवर पाय ठेवला आणि ते तिथंच थांबले.

"अरे, हा त आमच्या उकंड्याचा श्रावण," ते म्हणाले. "याचा बाप माह्या वावरात राबते. गावाबाहेरच्या वस्तीतले लोकं हे. नानाजी, तुमी याले पंगतीत बसवलं?"

नानाजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालभडक झाला. आपण उठून उभे राहिलो, खोली दिली, पितळेचं ताट दिलं, आणि हे सगळं गावासमोर. त्यांनी दाराआडून मला ओढलं. ती पकड मला ओळखीची होती. दात पाडले तेव्हाची.

"मले काहून फसवलं?"

"तुमी इचारलं, मी बौद्ध म्हनून सांगतलं," गुरुजी उठता उठता म्हणाले.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्यांनी हातावर झेलला आणि मनगट कडकडलं. तिसरा कपाळावर, रक्त डोळ्यांत उतरलं, मग पांढऱ्या सदऱ्यावर. जेवत्या ताटावरून उठून लोक खरकट्या हातांनी धावले. कोणी केस धरले, कोणी पोटात लाथा घातल्या, पुंडलिकरावांनी भरला तांब्या तोंडावर फेकून मारला. गुरुजींना फरफटत ओसरीवरून खाली नेताना पाय पायरीच्या कडेवर आडवा आला, आणि नानाजींनी मला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. मी मोडले असते तर! मित्रांनो, त्या क्षणी मी देवाकडे तेवढंच मागितलं. पण तिवसाचं लाकूड, मोडलं नाही. गुडघा मोडला. तो आवाज मी माझ्या अंगातून ऐकला.

लीलाबाई वरणाची पळी हातात धरून उभ्याच होत्या. वरण त्यांच्या पायावर सांडत होतं.

मी पुन्हा वर गेले, पण खाली आले नाही. सत्यभामाबाईंनी माझं टोक धरलं होतं. शेंबीच्या धारेनं त्यांचा तळवा फाटला, रक्त माझ्यावरून ओघळून नानाजींच्या मुठीपर्यंत आलं. "मारा आता मले," त्या म्हणाल्या. "पन हे काठी मी सोडत नाई."

नानाजींनी ते रक्त पाहिलं आणि चटका बसावा तसा हात काढला. दया आली म्हणून नव्हे. विटाळ झाला म्हणून. "बाटली थे काठी. राहू दे तुलेच," ते म्हणाले. ती पितळेची ताटंही त्यांनी आमच्यामागं रस्त्यावर भिरकावली.

एका बैलगाडीवाल्याला कीव आली, म्हणून गुरुजी दवाखान्यापर्यंत पोचले. पुढं पोलिसांचा जमादार आला, त्यानं विचारपूस केली. पंगतीतल्या बावीस माणसांपैकी एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. गुडघा वाकडाच जुळला.

घरी सत्यभामाबाई मला चुलीत घालायला निघाल्या होत्या. मला त्याचं वाईट वाटलं नसतं. पण खाटेवरून गुरुजी म्हणाले, "राहू दे. उभं राहाले काईतरी लागनच ना." असा ज्याचा पाय मी मोडला, त्याचाच पाय मी झाले. शाळेत जाता-येता रोज चार मैल. पहिले काही महिने ते मला टेकवताना कण्हायचे, आणि ते कण्हणं मुकाट ऐकण्यापलीकडं माझ्या हाती काही नव्हतं.

आठ वर्षं गेली. १९६५ च्या हिवाळ्यात शाळेनं देवखांबची सहल काढली. सहल कुठं न्यायची, ते गुरुजींनीच ठरवलं. सत्यभामाबाई आदल्या दिवशीपासून त्यांच्याशी बोलल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "तुमच्या मनात काय हाये, मले समजते." मलाही समजत होतं. माझ्या मुठीवरचा हात सगळ्या वाटेत घट्ट होता.

चाळीस मुलं होती. गुरुजींनी त्यांना आठच्या आत देवळात नेलं, छतावरचं ऊन दाखवलं. बारवेच्या तिसऱ्या पायरीवर थांबवलं. गढीवर मोहोळाखालून गुपचूप नेलं. प्रत्येक ठिकाणी ते मला उचलून दाखवायचे: पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी. मग मुलांची रांग घेऊन ते लंगडत यात्री निवासासमोर आले.

नानाजी त्याच पायरीवर ऊन खात बसले होते. फार वाळले होते. त्यांनी वर पाहिलं. आधी गुरुजींना ओळखलं नाही, मला ओळखलं. माझ्या शेंबीवर त्यांची नजर खिळली.

गुरुजींची मूठ आवळली. मित्रांनो, मी पकड ओळखते. ही आधाराची पकड नव्हती. ओसरीवर कोणी नव्हतं, म्हातारा एकटा होता, आणि मी डोक्याच्या वर उचलली गेले. नानाजींनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंग आखडून घेतलं. आतून लीलाबाई धावत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. या वेळी त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "गुरुजी, नोका."

खरं सांगू का? माझ्यातली ती जुनी फुगलेली काठी म्हणत होती, पड. एकदा त्याच्यावरही पड.

गुरुजी एका पायावर उभे होते. मग मी हळूहळू खाली आले आणि माझं टोक पायरीच्या कडेकडे झालं, सकाळी कमळांकडे झालं होतं तसंच.

"पोरांनो," ते म्हणाले, "हे चौथी जागा. आठ वर्सांपयले याच पायरीवर, याच काठीनं, या मानसानं माहा पाय मोडला. मी त्याले खरं सांगतलं होतं म्हनून. हे जागा कोनी तुमाले दाखवनार नाई. पाहून ठेवा."

चाळीस मुलांनी पाहिलं. आधी पायरी, मग मला, मग नानाजींना. नानाजींचे हात डोक्यावरच होते. फटका येत नाही, हे त्यांना कळलं होतं. पण हात खाली घेऊन त्या मुलांकडे पाहणं त्यांना जमेना. आम्ही मोटारीकडे वळलो तरी ते तसेच बसले होते.

घरी गेल्यावर सत्यभामाबाईंनी आधी मला हातात घेऊन शेंबी निरखून पाहिली. ती कोरडी होती. मग त्यांनी गुरुजींना पाणी दिलं.

मित्रांनो, काठीला स्वतःचा हात नसतो. मला दाराआड ठेवणारे मला पाहुण्यांची काठी म्हणत होते, हे विसरू नका, आणि तुमच्या दाराआड काय उभं आहे ते एकदा पाहा. मला आता तेलाची हौस नाही. फक्त माझी शेंबी फार झिजली आहे, ओल्या दगडावर घसरते. कोणीतरी नवी बसवून द्या. गुरुजी पुढच्या वर्षीही देवखांबला मुलं नेणार आहेत.