रंग उतरला, पाणी थांबले

मित्रांनो, मी एक जुना बुडीचा चष्मा आहे. समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका डोळ्यांवर आणि नाकावर चढवतात, तो. पुढे एक मोठी काच आणि तिच्याभोवती काळ्या रबराची जाड कड, एवढेच माझे शरीर. दिसायला मी काही देखणा नाही. पण माणसाच्या चेहऱ्याला माझ्याइतके घट्ट बिलगून कोणी राहत नाही. त्यामुळे चेहऱ्यांविषयी दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी बजावणारच.

बुसान शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीने मी जेजू बेटावर आलो आणि बंदरावरच्या दुकानातून सुन-ओकने मला उचलले. तेव्हा ती कोणाची आजी नव्हती, गावातली पट्टीची बुडीवाली होती. काय ते दिवस! पाण्यात उतरण्याआधी ती माझ्या काचेवर दवण्याच्या जातीचा रानपाला चोळायची, म्हणजे वाफ धरत नाही. एका दमात तळ गाठायची, खडकाला चिकटलेले शिंपले उचकटून काढायची आणि वर येऊन शीळ घातल्यासारखा लांब श्वास सोडायची. "सुन-ओकचा चष्मा कधी धुरकटत नाही बाई," असे बायका म्हणाल्या की मी मनातून फुगायचो. पुढे तिचे कान दुखू लागले, बुडी बंद झाली आणि मी परसातल्या खिळ्याला लटकलो. माझ्या पट्ट्यावर कोळ्याने खुशाल जाळे विणले. मला फार वाईट वाटले.

मग एके दिवशी राजधानीतून, सोलहून, सोदाम आली. सुन-ओकची नात. सोलला ती मेकअपच्या दुकानात सामान विकायची, आणि नुसत्या धुतलेल्या तोंडाने कामावर यायचे नाही असा तिथला दंडक होता. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की गावी आल्यावरही आजी उठायच्या आत ती तोंड रंगवून तयार असे.

"अगं, कोंबड्यांना दाणे टाकायला निघालीस की वरातीला?" सुन-ओक विचारायची.

"राहू दे ना गं आजी. नुसतं तोंड माझं मलाच बघवत नाही."

"बरं बाई. कोंबड्या तरी खूश होतील."

सोदामला पाण्याचे मात्र विलक्षण वेड होते. दुकान सोडून ती आली होती ती बुडीवाली व्हायलाच. गावातल्या बायकांच्या गटाची पुढारी बू काकू, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "हंगामभर येऊन बघ. सगळ्याजणींना पटलीस तर गटात घेऊ, नाहीतर बस आहेच परत जायला." सोदामने मला खिळ्यावरून काढले, धुतले, पुसले. मी तर हरखूनच गेलो.

पण माझा आनंद फार टिकला नाही. सोदाम तोंडावर पाण्याने न उतरणारा मेकअप थापून यायची. त्या क्रीमच्या थरावर माझे रबर धरणार तरी कुठे? मी जीव तोडून चिकटायचो आणि घसरायचो. अर्ध्या वाटेवर पाणी आत शिरायचे आणि सोदाम ठसकत वर यायची. बायका एकमेकींकडे बघत. "पोरीत दम नाही," असे बू काकू म्हणे. दम होता हो, भरपूर होता! पण मला बोलायला तोंड कुठे आहे?

पाण्यातून आल्यावर सगळ्याजणी दगडी आडोशात आगीभोवती बसत. रताळी भाजत, थट्टा करत, आणि परत कोण उतरणार ते बू काकू तिथेच ठरवायची. सोदाम मात्र डोक्यावरून टॉवेल ओढून लांब कोपऱ्यात बसायची. तिथल्या तिथे ओठांवर लाल रंग पुन्हा फिरवायची.

एका गार सकाळी ती तशीच दुसऱ्यांदा पाण्यात उतरली आणि तिच्या पायात गोळा आला. हातपाय चालेनात. बू काकूने तिला काखेत धरून काठावर ओढले आणि आगीपाशी बसवून असा काही तोफखाना सुरू केला की मी वाळूत पडल्या पडल्या हादरलो.

"थंडी भरली होती तर बोलायचं नाही?"

"मला वाटलं, जमेल."

"तुला वाटून काय उपयोग? मी इथे बसून प्रत्येकीचं तोंड का बघते? ओठ निळे दिसले की तिला उतरू देत नाही. तुझे ओठ बघावेत तर लालभडक! मला कळणार कसं गं?"

सोदाम खाली मान घालून रडू लागली. "काकू, मी चांगली नाही दिसत."

"इथे कोण मुलगी बघायला आलंय?" बू काकूचा आवाज जरा खाली आला. "उद्या येशील तेव्हा तुझं खरं तोंड घरी ठेवून येऊ नकोस. नाहीतर येऊच नकोस."

दुसऱ्या दिवशी सोदाम परसातल्या नळापाशी बराच वेळ उभी राहिली. एकदा डबी उघडली, मिटली. मग तिने खसाखसा तोंड धुतले आणि वाटभर मान खाली घालून समुद्रावर आली. तिने मला चढवले आणि, मित्रांनो, मला तिचा चेहरा पहिल्यांदाच भेटला! विरळ भुवया, नाकावर तिळांचा सडा, गालावर मुरुमांचे जुने खड्डे. मी असा घट्ट बसलो की थेंबाची बिशाद नव्हती आत यायची. ती तळापर्यंत गेली. तिथे तिला सगळे लख्ख दिसले. वर आली ती हातात तळव्याएवढा शिंपला घेऊन, आणि तिने अशी लांब शीळ सोडली की काठावरची सुन-ओक टाळ्या पिटू लागली.

आता आगीपाशी जायचे होते. सोदामने मला काढले. तिच्या कपाळापासून वरच्या ओठापर्यंत माझ्या कडेचा लाल वळ उठला होता. टॉवेलकडे तिचा हात गेला, थबकला, आणि ती तशीच जाऊन बायकांच्या मध्ये बसली. गप्पा थांबल्या. सोदामने डोळे मिटून घेतले. आता कोणी काय बोलते, या भीतीने माझाही जीव खालीवर होत होता.

बू काकूने तिची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि नीट निरखली.

"ओठ बरे आहेत," ती म्हणाली. "रताळं खा आणि उतर परत."

बस्स, एवढेच. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. सोदामने डोळे उघडून पाहिले तर समोरच्या प्रत्येकीच्या तोंडावर तसाच लाल वळ होता. तिला हसू फुटले. ती इतकी हसली की रताळे आगीत पडले आणि बू काकूची बोलणी खावी लागली. हंगाम संपला तेव्हा तिला गटात घ्यायला कोणीच नाही म्हटले नाही. बाजाराच्या दिवशी ती अजून हौसेने ओठ रंगवते. रंगाशी माझे काही वैर नाही. आता ती हौस आहे, धाक नाही, हे मला कळते.

मित्रांनो, माझ्यासारखा चष्मा कधी हाती आला तर त्याला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, रबर तडकते. आणि आपला चेहराही अधूनमधून नुसता राहू द्या. तुम्हाला थंडी भरली तर ते कोणाला तरी दिसायला हवे.