निनोंगना विचारून येते

फिलिपिन्सच्या इलोइलो शहरातल्या कोर्टासमोर अटर्नी पालमारेस यांचं ऑफिस आहे आणि तिथे मी बावीस वर्षं टाइप करते आहे. अटर्नी कायदा बघतात, मी माणसं बघते. कोण रडायला आलंय, कोण भांडायला आलंय आणि कोण नुसतं पंख्याखाली बसायला आलंय, हे माणूस खुर्चीत टेकेपर्यंत मला कळलेलं असतं. रोझेनी गुम्बान मात्र कळली नाही. बुधवारी सकाळी आली, छातीशी एक जाड पाकीट धरून, आणि मला थोरल्या बहिणीसारखं मानांग म्हणत तोंड उघडलं ते असं:

"मानांग, मला कुणावर केस करायची नाहीये. फक्त विचारायचंय."

"विचारायला चर्चमध्ये पाद्रीबाबा आहेत की. त्यांना फी पण लागत नाही," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. ती हसली नाही. तिशी-बत्तिशीची बाई, किनाऱ्यावरच्या गावातून पहिली जीपनी पकडून आलेली, चपलांना अजून वाळू होती. मी तिला पाणी दिलं आणि आत नेलं.

तिची हकिकत अशी. चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका खाजगी इस्पितळात तिचं सीझर झालं. मुलगी झाली, छान झाली. बाळंतिणीला मात्र ताप राहिला, पोटात कळ राहिली. सात आठवडे डॉक्टर गोळ्या बदलत होते आणि म्हणत होते, होईल बरं. सासूनं निदान त्याआधीच करून टाकलेलं. नवव्या दिवशी रोझेनीनं डोक्यावरून थंड पाणी घेतलं होतं. आमच्याकडे बाळंतीण लवकर न्हाली, लवकर बादली उचलली, की तिला बुघात लागतो म्हणतात, आणि पुढे वर्षभर तिला जे काही होईल ते त्या बादलीच्या नावावर जातं. सासूनं डॉक्टरांसमोरच सुनावलं, "हिनं केस धुतले, डॉक, हिला बुघात लागलाय." डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

मग ती बहिणीकडे बाकोलोदला गेली असताना तिथे कोसळली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, तर आत गॉझचा बोळा. मुठीएवढा. आजूबाजूचं सगळं सडलेलं, म्हणून गर्भपिशवीही काढावी लागली. त्या बाईंनी सगळं स्वच्छ लिहिलं, फोटो काढला, सही केली आणि म्हणाल्या, हा कागद सांभाळून ठेव. हिनं सांभाळून म्हणजे किती सांभाळून ठेवावा! चार वर्षं तांदळाच्या डब्याच्या तळाशी.

अटर्नींनी कागद दोनदा वाचला.

"हे बघ रोझेनी," ते म्हणाले, "ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर दोषी, असं नसतं. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही पेशंट जातो. लोक माझ्याकडे येतात, म्हणतात आमची आई गेली, केस करा. मी विचारतो, डॉक्टरनं काय करायला हवं होतं आणि केलं नाही? त्यांना माहीत नसतं. मलाही नसतं. ते सांगायला दुसरा डॉक्टर उभा करावा लागतो, आणि या शहरात डॉक्टरविरुद्ध डॉक्टर उभा करायचा म्हणजे... पासिंग, गेल्या केसला किती जणांनी नाही म्हटलं?"

"अकरा," मी म्हटलं. पासिंग म्हणजे मी. "बाराव्यानं फोनच उचलला नाही."

"पण इथे गॉझ आहे. पोटात गॉझ आपोआप उगवत नाही. आणि ते कुणी दुसऱ्याच डॉक्टरनं काढलं, लिहून ठेवलं. अशी केस वीस वर्षांत एकदा येते. मग बाई, चार वर्षं होतीस कुठे?"

रोझेनीनं खाली बघितलं. "ऑपरेशन करणारे डॉक्टर मोन्तेरो माझे निनोंग आहेत."

आता कळलं मला. निनोंग म्हणजे लग्नातले मानलेले वडील. यांच्या लग्नात डॉक्टर साक्षीला उभे होते. नवऱ्याला, रेनांतेला, पतपेढीत चिकटवलं ते त्यांनीच. दर नाताळला हे जोडपं लेकीला घेऊन त्यांच्या घरी जायचं, पाया पडल्यासारखा त्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचं, जेवायचं. बाकोलोदचा कागद रेनांतेनं वाचला होता. वाचून म्हणाला, ती बाई आपल्याला ओळखत नाही, निनोंग ओळखतात. झालं. विषय संपला.

"तुला हवंय काय?" अटर्नींनी विचारलं. "भरपाई?"

"सासूला वाचता येतं," रोझेनी म्हणाली. "चार वर्षं ती आल्यागेल्याला सांगते, हिच्या त्या केस धुण्यापायी माझा नातू गेला. जो झालाच नाही तो नातू, अटर्नी. कोर्टाच्या कागदावर लिहून येईल ना, की मी काही केलं नव्हतं?"

ते बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हलला माझा. "तुझ्या सासूच्या..." मी सुरू केलं आणि अटर्नींनी माझ्याकडे बघितलं, म्हणून थांबले.

मग त्यांनी कॅलेंडर ओढलं. निष्काळजीपणाच्या दाव्याला आमच्याकडे चार वर्षांची मुदत. कुणी म्हणेल गॉझ सापडलं तेव्हापासून मोजा. अटर्नी असल्या भरवशावर बसत नाहीत. त्यांनी ऑपरेशनच्या दिवसापासून मोजलं आणि बोट ठेवलं ते शुक्रवारवर. परवा. कोर्टाची खिडकी पाचला बंद.

"आज सही कर, उद्या लावून टाकू."

"नाही, अटर्नी. आधी निनोंगना विचारून येते."

"काय विचारून येतेस?"

"की मी तुमच्यावर केस करू का."

अटर्नींनी फार शांतपणे सांगितलं, बरं, मग निदान एक नोटीस तरी पाठवू, लेखी मागणी गेली तरी मुदत थांबते. ती घाबरलीच. "मी जाऊन भेटायच्या आधी माझ्या नावचं पत्र त्यांच्या हातात? लाज आहे का नाही मला?"

"अगं बये," मी म्हटलं, "ज्यानं घर फोडलं त्याला विचारून कुणी पोलिसात जातं का?"

"त्यांनी घर फोडलं नाही, मानांग. त्यांच्या हातून चुकलं. माणूस आहे. न सांगता कोर्टात ओढलं तर मी कोण ठरेन?"

आता मी तिला नावं ठेवली, पण कुठल्या तोंडानं? गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत मी माझ्या कुमारेच्या, म्हणजे मानलेल्या बहिणीसारख्या मैत्रिणीच्या, विरोधात मत दिलं, ते आदल्या दिवशी केक घेऊन तिच्या घरी जाऊन, तिला सांगून. ती हरली. केक मात्र चांगला होता म्हणाली. आमचं असंच आहे. भांडायचं तरी आधी भेटून, जेवून.

गुरुवारी डॉक्टर दिवसभर ऑपरेशनमध्ये असतात. म्हणजे ती जाणार शुक्रवारी. गुरुवारी मी दावा टाइप करून ठेवला. नऊ पानं, सहीची जागा कोरी. शेजारच्या नोटरीला सांगून ठेवलं की उद्या पाचपर्यंत हलायचं नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिचा पत्ता नाही. फोन लागेना. अटर्नी जेवले नाहीत, मी जेवले, कारण मला उपाशीपोटी जास्त राग येतो. दोन वाजले. तीन वाजले. मी तिला इतक्या शिव्या घातल्या की अटर्नी म्हणाले, पासिंग, दार तरी लाव. साडेतीनला नोटरी डोकावून गेला, त्याला पण दोन ऐकवल्या. त्या बाईचा मला खरंच संताप आला होता, आणि त्याहून जास्त आली होती तिची दया.

सव्वाचारला ती आली. घामानं निथळत. हातात लेचे फ्लानचा, दुधाअंड्याच्या गोडाचा, डबा.

"कुठे होतीस?" मी ओरडले.

"निनोंगनी जेवायला बसवलं."

"काय म्हणाले?"

ती उभ्यानंच सांगत राहिली. डॉक्टरांना फार आनंद झाला होता म्हणे. तिनं हात कपाळाला लावला, त्यांनी लेकीची चौकशी केली. जेवण झाल्यावर तिनं पाकीट पुढे ठेवलं आणि जे ठरवून गेली होती ते सगळं बोलली. त्यांनी मध्ये तोडलं नाही. फोटो बघितला. मग तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, बरं झालं, पोरी, आधी माझ्याकडे आलीस. अशी लेक कुणाला मिळते? मग विचारलं, वकील काय म्हणतात, मुदत किती आहे?

"आणि तू सांगितलंस?" अटर्नी म्हणाले.

"सांगितलं. म्हटलं, आजच. पाचपर्यंत. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, सोमवारी ये. सासूला घेऊन ये, रेनांतेलाही आण. मी तुझ्या सासूला माझ्या तोंडानं सांगतो की तुझी चूक नव्हती. कोर्टाची काय गरज? मला तर तेच हवं होतं ना, अटर्नी. मी रडलेसुद्धा. त्यांच्या बायकोनं, निनांगनी, हा डबा दिला. मी घरी जायच्या जीपनीत बसले."

"मग?"

"जीपनी भरेपर्यंत उभी होती. मी मनात मोजत होते, शनिवार, रविवार, सोमवार. सासूला काय घालायला द्यायचं, तेसुद्धा ठरवलं. आणि मग..." ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली. "गॉझ चुकून राहिलं असेल, मानांग. चार वर्षं मी तेच म्हणते आहे. पण आज मी त्यांना म्हटलं शुक्रवार, आणि ते मला म्हणाले सोमवार. घड्याळ बघून म्हणाले."

अटर्नींनी पेन पुढे केलं. तिनं नऊच्या नऊ पानांवर सही केली, सावकाश, शाळेतल्यासारखी. नोटरीनं शिक्का मारला. रस्ता मी कसा ओलांडला मला आठवत नाही, एका ट्रायसिकलवाल्यानं माझ्या आईचं नाव काढलं एवढं आठवतं. खिडकीतला कारकून पिशवी खांद्याला लावून तयारच होता. "मानांग पासिंग, सोमवारी चालेल का?" म्हणाला. त्याला मी काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पोचशिक्का पडला तेव्हा चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

बाहेर रोझेनी कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मी तिला शिक्का दाखवला आणि समजावलं, हे अजून आपलंच म्हणणं आहे, कोर्टाचं नाही. पाच वर्षं लागतील, सातही लागतील. ते मोठा वकील देतील. हरूही शकतो.

"हो," ती म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

मग ती म्हणाली, "मानांग, त्या दिवशी सासूबाई बुघात म्हणाल्या आणि निनोंगनी मान डोलावली. मला ताप चढलेला. माझ्याकडे बघतच होते ते."

मी शिक्क्याचे कागद पर्समध्ये ठेवले.

"तेव्हाच ठाऊक होतं त्यांना," ती म्हणाली. "निदान शंका तरी आली असेल. तेव्हाच जर उघडून बघितलं असतं, तर पिशवी राहिली असती ना?"

तिनं बाहीनंच तोंड पुसलं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिच्या गावची शेवटची जीपनी सहाला होती, आणि ती पकडायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.