माळ्यावरून उतरलेलं शिलाई मशीन

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मित्रांनो, तपासणीच्या रांगेत कंटाळला आहात म्हणून सांगते, पण विश्वास काही तुमचा बसणार नाही. उतारावर मी रुग्णवाहिकेला मागे टाकलं, तेव्हा तिचाही बसला नव्हता.

तरुणपणी मी अशी लखलखायचे की डॉक्टर माझ्या चाकात बघून भांग पाडत. वीस वर्षं मी वॉर्डपासून फाटकापर्यंत माणसं पोचवली. मग हलक्याफुलक्या नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. अंगावर खोकी, ब्रेकला गंज. एके दिवशी मात्र नव्या साऱ्या कामात होत्या, म्हणून वॉर्डातल्या मामांनी मला झटकून एका आजींसाठी बाहेर काढलं.

त्या आजींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. आता त्यांना विसरायचा आजार जडला होता. त्यातच घरी पडल्या, म्हणून पंधरा दिवस इथे होत्या. घरी जमलं नाही तर त्यांना संस्थेत ठेवावं लागणार होतं. मुलाने हे सिस्टरना खाली बघत सांगितलं होतं.

पठ्ठ्याने तयारी मात्र जीव ओतून केली होती. सिस्टरनी दिलेल्या यादीतलं सगळं झालं: न्हाणीघरात धरायला दांडा, दाराला घंटी, औषधांचा कप्प्याकप्प्यांचा डबा. पण तेवढ्यावर थांबेल तर तो मुलगा कसला! आई येणार म्हणून त्याने घर रंगवलं, तिचा पलंग मोठ्या खोलीत हलवला आणि सुई टोचेल म्हणून शिलाई मशीन माळ्यावर टाकलं.

घरी निघताना फाटकाशी त्याने मोठ्या कौतुकाने मोबाइलवर त्या खोलीचा फोटो दाखवला.

"कुणाचं घर आहे हे?" आजींनी विचारलं.

"आपलंच, आई."

"नाही रे बाबा. मला माझ्या घरी सोड."

त्याच क्षणी मी ठरवलं, आता हलायचं नाही. कुणाचा हात न लागता मी माझा ब्रेक खटकन लावला. मुलाने ढकललं, मामांनी ढकललं, चार हत्ती जुंपले असते तरी मी तसूभर सरकले नसते. गंजलेला ब्रेक सुटेना, तेव्हा सिस्टर धावत आल्या. त्यांनीही फोटो बघितला.

"दादा, पलंगावरून उठल्यावर त्या कशाला धरून चालायच्या?"

मुलाने फोटो पुन्हा बघितला. "मशीनला. तिथून डावीकडे न्हाणीघर."

"मग त्यांची वाटच तुम्ही माळ्यावर टाकलीत. सुई काढा, पण मशीन होतं तिथे ठेवा. पलंगसुद्धा. आज नको, उद्या न्या."

तो तसाच घरी पळाला. दुसऱ्या दिवशी आजी गेल्या, आणि तीन महिने झाले, घरीच आहेत.

तेव्हा मित्रांनो, विसरणाऱ्या माणसाला घरी नेताना त्याच्या खुणा जागच्या जागी ठेवा. आणि आम्हा जुन्यांनाही थोडं तेल घाला. कारण त्या दिवशी तो ब्रेक मी स्वतः...

"खोटं," माझ्या मांडीवरून आवाज आला. त्याच आजी, तपासणीला आलेल्या. मुलाचं नाव आजही त्यांना सांगता आलं नव्हतं. "ब्रेक मी लावला होता."