मगाडीचा घेवडा

काव्हाटाने घरातलं मीठ शेजारणीला देऊन टाकलं होतं, तरी तिचं ब्लडप्रेशर काही उतरत नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंचा आता तिच्यावर विश्वास उरला नव्हता.

"लपवून खाता तुम्ही मीठ. एक दिवस अर्धांगाचा झटका येईल, मग रडाल."

काव्हाटा बाहेर पडली. शाळेचे गणवेश शिवून ती पोट भरायची. हात लुळा पडला तर काय करायचं?

गल्लीच्या तोंडाशी स्योंबुआ नावाच्या बाईची शेगडी होती. कोळसा महाग, त्यामुळे सुका घेवडा घरी कोणी शिजवत नसे. स्योंबुआकडून उकडलेला न्यायचा नि कांदा-टोमॅटोवर परतायचा. काव्हाटा दोन्ही वेळा तेच जेवायची.

"काय गं काव्हाटा, नर्सने मारलं की काय?" स्योंबुआने विचारलं.

"मारलं असतं तर परवडलं असतं. खोटारडी म्हणाली."

बोलता बोलता स्योंबुआने डब्यातली करडी पूड पातेल्यात टाकली. मगाडी. तळ्याकाठचा हा सोडा टाकला की घेवडा लवकर मऊ पडतो. गावाकडे सगळ्यांच्या आया टाकायच्या. फेस वर आला. काव्हाटा बघत राहिली. मग तिने डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे की गं."

"मगाडी आहे ती. मीठ थोडंच आहे?"

"चाखून बघ तू."

स्योंबुआने चाखलं. थोडा वेळ पातेलं ढवळत राहिली.

"ही नाही टाकली तर घेवडा दुपारपर्यंत शिजायचा नाही. गिऱ्हाईक सरळ चिप्सवाल्याकडे जाईल."

"गिऱ्हाइकांचं राहू दे. मी काय खाऊ?"

"तुझा घेवडा रात्री भिजवून सकाळी आणून दे. माझं पातेलं उतरलं की तुझं छोटं ठेवीन. संध्याकाळी मिळेल. शिजवायचे पैसे मात्र घेईन."

"घे. मी कुठे फुकट मागतेय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चिप्सवाल्याच्या तळणीचा वास काव्हाटाच्या घरापर्यंत आला. तिने दोन केळी खाल्ली नि मशीन चालू ठेवलं.

अंधार पडताना ती शेगडीशी आली. घेवडा जरा टणकच होता. तिथेच उभ्याने तिने घास घेतला. स्योंबुआ तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

"गवत चावल्यासारखा."

"मग उद्याचं काय?"

"भिजवून आणते," काव्हाटा म्हणाली आणि चावत राहिली.